पाठीला पाठ

जनीला खाटेची भीती वाटायची. उभ्या जन्मात ती जमिनीपासून हातभर उंच कधी झोपली नव्हती. टोकावड्याच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तिचं घर. तिथल्या सारवलेल्या जमिनीवर एक गोधडी आणि उशाला स्वतःचाच हात, एवढ्यावर तिनं बाळंतपणं काढली, नवऱ्याचं दुखणं काढलं, साईनाथला लहानाचा मोठा केला. आता सत्तरीत, पाय सुजून केळीच्या खुंटासारखे झालेले असताना, शहापूरच्या बाहेर एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात तिला लोखंडी खाटेवर चढवली होती. ती दोन्ही हातांनी खाटेच्या कडा घट्ट धरून बसली होती, खडबडीत रस्त्यानं धावणाऱ्या टेम्पोच्या फळीला धरून बसावं तशी.

शहापूर निवडलं ते साईनाथच्या सोयीनं. तो आसनगावच्या एका गोदामात कामाला होता, तिथंच दोघातिघांत खोली घेऊन राहायचा आणि रविवारी गावाकडं यायचा. त्याच्या बायकोचं, रंजिताचं माहेर आटगावला, म्हणजे तेही जवळच. अंगावर पिणारी लेक, मनस्वी, तिनं आईकडे ठेवली होती. दवाखान्यात बायकांच्या खोलीत रात्री बाईमाणूसच थांबू देत, आणि सासूला दुसरं बाईमाणूस होतं कुठं?

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघा नवराबायकोला बाहेर बोलावून समजावलं होतं. हृदय थकलंय, त्याच्यानं काम ओढवत नाही, म्हणून फुप्फुसांत पाणी साठतंय. हे दुखणं बरं होण्यातलं नाही. पण नाकातली प्राणवायूची नळी आणि पाणी उतरवायचं इंजेक्शन चालू राहिलं, तर उरलेले दिवस धाप न लागता जातील. साईनाथ ‘बरं होण्यातलं नाही’ इथंच अडकला. रंजितानं मात्र ‘धाप न लागता’ एवढंच उचललं आणि पदराला गाठ मारून ठेवावी तसं ठेवलं. घरी सासूची धाप तिनं पाहिली होती. आडवं केलं की म्हातारी बुडणाऱ्या माणसासारखी हात वर करायची, डोळे मोठे व्हायचे, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्या वेळी रंजिता नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राही. दुसरं काही करता यायचं नाही.

नळीनं धाप कमी झाली खरी, पण झोप नव्हती. खाटेची डोक्याकडची बाजू उचलून दिली तर जनी घसरत घसरत पायथ्याशी यायची आणि मान छातीवर दुमडायची. रंजिता तिला काखेत धरून वर ओढायची, की पुन्हा घसरण सुरू. उशा लावल्या, त्या निसटल्या. दोन रात्री असं वरखाली झालं आणि तिसऱ्या सकाळी दोघींचेही डोळे लाल होते.

त्या सकाळी ड्यूटीवर सारिका सिस्टर आली. ठेंगणी, भरल्या अंगाची, चालताना चपला वाजवणारी. तिनं आल्या आल्या कागद बघितला नाही, आधी जनीचे हात बघितले. कडा धरून धरून बोटं पांढरी पडली होती. मग खाटेशेजारी वाकून तिनं विचारलं, की आजी, घरी दमलात की कशा बसता?

जनीला आजवर दवाखान्यात कुणी असलं काही विचारलं नव्हतं. कुठं दुखतं, किती दिवस दुखतं, एवढंच. ती श्वास घेत घेत, तुकड्या-तुकड्यानं म्हणाली, "लावणीत आडवं कुठं व्हायचं गो? समदा चिखल. मंग बांधावर दोघी-दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या. भाकर खायची, मशेरी लावायची. तेवढ्यात डोळा पन लागायचा."

सिस्टर हसली. म्हणाली, मग खाटेचं काय घेऊन बसलोय आपण? तिनं डॉक्टरांना विचारलं, भिंतीतल्या प्राणवायूची नळी जमिनीपर्यंत पोचते का बघितलं, आणि खोलीतल्या मावशीला हाताशी घेऊन जनीला खाली घ्यायची तयारी केली.

ते बघून रंजिताला दुसरंच आठवलं. त्यांच्याकडं माणूस जायला लागलं की त्याला अंथरुणावरून काढून भुईवर घेतात, तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालतात. एकदा खाली घेतलं की मग औषध नाही, डॉक्टर नाही. माणसं गोळा होतात आणि वाट बघतात. म्हातारीनं रंजिताचा चेहरा वाचला. दोघींनी धरून उतरवताना ती म्हणाली, "खाली घेतेसच तर तुळशीचं पान पन आन. येरझार वाचंल." आणि आपल्याच बोलण्यावर तिला इतकं हसू आलं की खोकला लागला. खोकला थांबल्यावर मात्र तिनं बजावलं की गोधडी अंथर, जाड अंथर. कोनी बघितलं तर भुईवर घेतली असं वाटाया नको.

गोधडी अंथरली. घरचीच होती, जुन्या लुगड्यांची. जनी तिच्यावर बसली, सुजलेले पाय पुढं पसरले, आणि रंजिता तिच्या पाठीला पाठ लावून बसली. फाल्गुन संपत आला होता. फरशी गार होती आणि पाठ तापलेली. सासूच्या पाठीचा एकेक मणका तिला लागत होता. श्वास आत जाताना ओल्या पाचोळ्यावरून कुणी चालल्यासारखं होई, बाहेर येताना थोडं थरथरे. हळूहळू ती थरथर कमी झाली. मग एकदम भार आला. भाताचं पोतं पाठीवर घ्यावं तसा. रंजिता घाबरून हाक मारणार, तोच समोरून सिस्टरनं तोंडावर बोट ठेवलं आणि हातानंच खूण केली, की झोपल्या.

"भार आला की समजायचं, झोप लागली," ती नंतर म्हणाली. "आपल्यावर विश्वास बसल्याशिवाय माणूस भार टाकत नाही."

त्यानंतर ती रीतच पडून गेली. रंजिता दमली की पाठीमागं भिंतीला टेकून गादीची गुंडाळी लावायची. तीही चालायची, पण तशी नाही. एकदा रंजिताला जेवायला पाठवून सारिका सिस्टर स्वतःच खाली बसली, पांढऱ्या कपड्यांनिशी, जनीच्या पाठीला पाठ देऊन, आणि बसल्या बसल्या इंजेक्शनांची वेळ लिहीत राहिली. मावशीनं थट्टा केली, की सिस्टर, आता तुमालाच लावणीला नेतात बघा. सिस्टर म्हणाली, औषध डॉक्टर देतात. ते अंगात भिनेपर्यंत माणसाला नीट बसवायचं, एवढंच तर माझ्या हातात असतं. मावशी जनीच्या पायांखाली उशी सरकवत होती. तिला ते पटलेलं दिसलं. जनीच्या तोंडावर रंग आला होता. ती पेज मागत होती, नातीची चौकशी करत होती, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या सुनेपेक्षा आपली सून बरी असं सुनेच्या देखत सांगत होती.

रंजिता रोज दुपारी आटगावला जाऊन मनस्वीला पाजून यायची. वडापची जीप मिळाली की पटकन जाणं, पटकन येणं. त्या दिवशीही ती तशीच निघाली. गादीची गुंडाळी भिंतीला लावली, सासूला टेकवली, सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाली, माझी ड्यूटी संपेपर्यंत मी आहे, पुढच्या सिस्टरलाही सांगून ठेवते, जा.

आटगावला पोचली तेव्हा पोर रडून रडून काळीनिळी झाली होती. बाटली तोंडात धरायला तयार नव्हती. रंजितानं तिला जवळ घेतली, पोरीनं मूठभर ब्लाऊज धरून ठेवला, आणि दूध सुटलं तसं दोघींचंही अंग सैल पडलं. किती रात्रींची झोप अंगात होती कुणास ठाऊक. आईनं पंखा लावून दिला, दार ओढून घेतलं आणि लेकीला उठवलं नाही. कुठली आई उठवेल?

इकडं दवाखान्यात सिस्टर बदलली. नवीन आलेल्या सिस्टरकडं त्याच वेळी साप चावलेला माणूस आला आणि ती तिकडं अडकली. जनीला लघवीची घाई झाली; पाणी उतरवायच्या इंजेक्शनानं व्हायचंच ते. भांडं येईपर्यंत गोधडी भिजली. मावशीनं तिला कोरडं केलं, लुगडं बदललं, भिजलेली गोधडी धुवायला नेली आणि तोपर्यंत फरशीवर एक चादर टाकून दिली. जनी चादरीवर टेकली आणि तिला गाढ झोप लागली. तोंड उघडं, पापण्या अर्धवट, मान एका अंगाला.

अशा वेळी महिपत आला.

महिपत म्हणजे जनीचा धाकटा दीर. जनी लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीत फिरत होता. तिनंच त्याला भरवलं, शाळेत धाडलं. भावाच्या मागं घरातला शेवटचा शब्द त्याचा. तो टोकावड्याहून सकाळचा निघाला होता, हातात भावजयीसाठी नाचणीच्या आंबिलीचा डबा. खोलीच्या दारात आला आणि बघितलं, तर खाट रिकामी आणि वहिनी भुईवर. अंगाखाली चादर. जवळ घरचं कुणी नाही.

त्यानं तिला हाक मारली नाही. हाक मारायची भीती वाटली असेल. डबा तिथंच दाराशी ठेवला, टोपी काढली, बाहेर जाऊन आधी साईनाथला आणि मग गावाला फोन लावला, की वहिनीला खाली घेतली.

रंजिता परत आली तेव्हा उन्हं कलली होती. दवाखान्याच्या अंगणात पिकअप उभी होती आणि मागच्या बाजूला दोन माणसं पेंढा पसरत होती. नवरा भिंतीला टेकून उभा. गोदामातून तो तसाच आला होता, अंगावरचं कामाचं जाकीट सुद्धा काढलं नव्हतं. रंजितानं विचारलं काय झालं, तर त्यानं उलट तिलाच विचारलं, की तू कुठं होतीस?

ती आत धावली. जनी जागी होती. चादरीवर, गुंडाळीला टेकून, नळी नाकात. "आलीस गो?" म्हणाली. "गोधडी नेली धुवाया." मग बाहेरच्या आवाजाकडं कान देऊन हलक्या आवाजात, "भावजी बाहेर रडतात काय?"

रंजितानं बाहेर येऊन सगळं सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं. सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसापुढं ती आजवर असं तोंड वर करून बोलली नव्हती. त्या मरायला नव्हत्या टेकल्या, झोपल्या होत्या. मी आणि सिस्टरनं श्वासासाठी घेतलं खाली. गोधडी होती, भिजली म्हणून नेली. महिपतनं शांतपणे ऐकलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"पोरी, माजं चुकलं असंल," तो म्हणाला. "पन बातमी गेली. नारिवलीहून माजी बहीन निघाली, वैशाखऱ्याचे पावने निघाले. आता त्यांना काय सांगू, परत जा म्हणू?"

साईनाथ खाली बघत म्हणाला, की डॉक्टर तर म्हणालेच होते, बरं होण्यातलं नाही. उद्या ती इथंच गेली तर? घरची भुई मिळाली नाही म्हणून लोक जन्मभर बोलतील. रंजिताला एकदम समजलं की तो लोकांना भीत नाही, तो उद्याला भीतोय. ही गोष्ट एकदाची होऊन जावी असं त्याला वाटतंय.

ती मागच्या क्वार्टरकडं पळाली. सारिका सिस्टर धुणं धूत होती. तशीच आली, घरातल्या गाऊनवर टॉवेल टाकून, हात साबणाचे. महिपतनं साईनाथला विचारलं, ह्या कोण? सिस्टर आहे म्हटल्यावर त्यानं हात जोडले. तिनं समजावलं, की नळी काढली तर काही तासांत धाप लागेल, फार हाल होतील. गाडीत आडवं केलं तर अजून लवकर. इथं राहिल्या तर हे टाळता येतं. डॉक्टरही बाहेर आले, तेही हेच बोलले. महिपत दोघांचं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमी चांगल्या हाव सिस्टर. तुमचं खोटं नाय. पन आमच्यात खाली घेतलेलं मानूस परत वर घेत नायत."

साईनाथनं घरी न्यायच्या कागदावर सही केली. डॉक्टरांनी खाली लिहिलं ते वाचलं नाही.

सगळ्यात शेवटी त्यांनी जनीला विचारलं. साईनाथ तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, आये, घरी जायचं ना? जनीनं लेकाकडं बघितलं, दिराच्या हातातल्या टोपीकडं बघितलं, दारातून दिसणाऱ्या पेंढ्याकडं बघितलं. तिला सगळं समजलं. रंजिता मनातल्या मनात विनवत होती, की नाही म्हणा, एकदा नाही म्हणा. म्हातारीनं लेकाच्या गालावर हात ठेवला. "नेतोस तर ने बाबा," म्हणाली. "माज्यासाठी एवढी मानसं खोळंबलीत."

नळी सिस्टरनंच काढली. पेंढ्यावर चटई टाकून त्यांनी जनीला आडवं करायला घेतलं, तशी रंजिता गाडीत चढली आणि मध्येच बसली. पाठ वळवून. म्हणाली, माझ्या पाठीला टेकवा. बाईमाणसानं असं चढून बसणं कुणाला रुचलं नाही, पण तिला हात धरून उतरवणार कोण? सिस्टरनं जनीला टेकवलं, पुढ्यात उशी दिली, जवळ पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि रंजिताच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की तोंडावर वारा घालायला सांग कुणाला तरी, ओठ ओले करत राहा, आडवं करू देऊ नको. आणि मग, "बाकी काही नाही गं माझ्याजवळ."

गाडी निघाली. रंजिताचं तोंड मागं होतं, त्यामुळं तिला दवाखान्याच्या अंगणात गाऊनमध्ये उभी राहिलेली सिस्टर बराच वेळ दिसत राहिली. आटगाव त्या बाजूलाच कुठंतरी होतं. गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली आणि आटगाव उलट दिशेला पडत गेलं. संध्याकाळ झाली तशी छाती दाटली, मग ब्लाऊज भिजला, पदर भिजला. पुसायला हात मोकळे नव्हते. दोन्ही हात मागं नेऊन तिनं सासूचे हात धरले होते.

सरळगावपर्यंत श्वास बरा होता. पुढं ओल्या पाचोळ्याचा आवाज परत आला. साईनाथ पुठ्ठ्यानं वारा घालत होता, आणि मधूनमधून तोच पुठ्ठा डोळ्यांपुढं धरत होता. टोकावड्याला ढाब्यांवर दिवे लागलेले. प्रत्येक खड्ड्याला जनीच्या बरगड्या रंजिताच्या पाठीत रुतत आणि प्रत्येक वेळी म्हातारी पुटपुटे, लागलं का गो? रंजिता म्हणे, नाय. बोलू नका.

घराच्या अंगणात बायका जमलेल्या होत्या. गाडीचा दिवा दिसला तसा त्यांनी गळा काढला. नारिवलीची नणंद धावत आली आणि वर बघून गप्पच झाली, कारण जनी तिच्याकडं बघत होती. ओटीवरची भुई सारवून ठेवलेली. दिवा, पाणी, तुळस, सगळं मांडलेलं. महिपत म्हणाला, आता घ्या खाली.

रंजितानं विनवलं, की घ्या, पण आडवं नका करू. एवढंच ऐका. महिपतनं वहिनीकडं बघितलं, तिची धाप बघितली, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर शंका आली. त्यानं माणसांना हाताशी घेऊन दोघींना तसंच, पाठीला पाठ, उचलून त्या भुईवर बसवलं. बायका भोवती बसल्या. कुणी पाणी लावलं, कुणी पान. साईनाथच्या फोनवर आटगावहून फोन आला. रंजिताची आई विचारत होती, पोर रडं थांबवत नाही, काय करू? त्यानं फोन रंजिताच्या कानाला लावला. मनस्वीचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

"रडती काय?" पाठीमागून जनी म्हणाली. एकेक शब्द ओढून. "जा गो. पाज तिला."

"जाईन. तुमी श्वास घ्या आधी."

रंजिताला वाटलं आपण दवाखान्यातच आहोत. गार भुई, तापलेली पाठ. सिस्टर समोर येऊन उभी राहील आणि तोंडावर बोट ठेवील. थरथर कमी होत गेली. पाचोळा थांबला. मग भार आला, सगळाच्या सगळा, आणि रंजितानं डोळे मिटून तो घेतला.

महिपत पुढून वाकून वहिनीच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं टोपी काढली. नणंदेचा हुंदका फुटला. मग महिपत रंजिताजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ऊठ पोरी आता."

ती उठली नाही. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. हात अजून मागंच होते, म्हातारीच्या हातात.

"कशी उठू काका," ती म्हणाली. "मी उठले तर त्या पडतील."